पहिल्या अंकातले घरमालक

स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या त्या घरात आम्ही पहिल्यांदा कुकर लावला, त्या दुपारी आमचे घरमालक घर सोडून पळाले.

पहिली शिट्टी झाली तेव्हा ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. मी आणि माझी रूममेट मृणाल स्वयंपाकघरात होतो. पेपर खाली पडल्याचा आवाज आला, पुढचं दार धाडकन उघडलं. खिडकीतून पाहिलं तर ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ, अंगात जाकीट, गळ्यात टाय, पायांत चकचकीत बूट, अंगणाच्या हिरवळीवर स्वतःभोवती गिरक्या घेत होते. एक, दोन, तीन. मग त्यांनी डाव्या खांद्यावरून थुंकल्यासारखं केलं, पायऱ्या चढून वर आले आणि स्वतःच्याच दारावर टकटक करून म्हणाले, "मला आत येण्याची परवानगी मिळेल का?"

मृणाल नागपूरची. ती म्हणाली, "बाप्पा! यांना काहून असं झालं?"

मी दार उघडून "या ना" म्हणेपर्यंत दुसरी शिट्टी झाली. ते तसेच वळले आणि पुन्हा हिरवळीवर गेले. वरणभाताला तीन शिट्ट्या लागतात. तिसऱ्या फेरीनंतर त्यांना धाप लागली, म्हणून मृणालनं गॅस बंद केला आणि मी त्यांना खुर्चीत बसवून पाणी दिलं.

श्वास जागेवर आल्यावर त्यांनी खुलासा केला. ते चाळीस वर्षं नाटकात होते. थिएटरमध्ये शिट्टी वाजवणं म्हणजे महाअपशकुन. फार जुन्या काळी पडदे ओढायला जहाजावरचे खलाशी ठेवायचे. ते एकमेकांना शिट्टीनं खूण करत. एखाद्या नटानं सहज शीळ घातली, की वरचा खलाशी दोर सोडणार आणि वाळूची पोती त्या नटाच्या डोक्यात. म्हणून शिट्टी झाली की बाहेर जायचं, तीन गिरक्या घ्यायच्या, थुंकायचं आणि परवानगी घेऊन आत यायचं.

"पण हे स्वयंपाकघर आहे," मी म्हणाले.

"तुमच्यासाठी," ते म्हणाले.

आठवडाभर आम्ही पातेल्यात डाळ शिजवली. ती काही शिजली नाही. मग एका सकाळी ते पायऱ्यांशी येऊन उभे राहिले आणि त्यांनी निकाल सांगितला. न्यूयॉर्कला त्यांचे एक जुने स्टेज मॅनेजर होते, वय नव्वद. त्यांना फोन करून त्यांनी या प्रश्नाचा रीतसर खल केला होता. माणसाच्या तोंडून निघते ती शिट्टी. यंत्रातून निघतो तो साउंड इफेक्ट. साउंड इफेक्टला हरकत नाही, मात्र नटांना आधी कळलं पाहिजे. तेव्हापासून कुकर लावला की मृणाल स्वयंपाकघरातून ओरडायची, "साउंड!" आणि बाहेरच्या खोलीतून खणखणीत उत्तर यायचं, "थँक यू, साउंड!"

मी मूळची सांगलीची. माती या विषयात पीएचडी करायला तिकडे गेले होते. विद्यापीठाच्या बसच्या शेवटच्या स्टॉपजवळ हे लाकडी घर होतं. वरच्या दोन खोल्या आमच्या, खालचा मजला त्यांचा आणि स्वयंपाकघर सगळ्यांचं. त्यांची बायको नाटकांचे कपडे शिवायची. पुढे तिला विद्यापीठात वेशभूषा शिकवायची नोकरी लागली, म्हणून दोघं न्यूयॉर्क सोडून इथे आले. आम्ही राहायला गेलो त्याच्या बऱ्याच आधी ती वारली होती.

ते कॅरेक्टर ॲक्टर होते. म्हणजे नायक नव्हे, खलनायक नव्हे, नायकाचा मित्रसुद्धा नव्हे. पन्नासच्या दशकात एकोणिसाव्या वर्षी ओहायोतून न्यूयॉर्कला आले, ते नायक व्हायलाच. पण केस त्याच वर्षी गळायला लागले. पहिल्याच मुलाखतीत निर्मात्यानं त्यांच्याकडे पाहून विचारलं, "ट्रे धरता येतो?" त्यांनी होय म्हटलं आणि पुढची चाळीस वर्षं तो ट्रे खाली ठेवला नाही. बटलर, घोडागाडीवाला, पोलीस इन्स्पेक्टर, न्यायाधीश, पाद्री, हॉटेलचा मॅनेजर आणि फार वेळा डॉक्टर. त्यांची सगळी वाक्यं एका ओळीची. "गाडी दारात उभी आहे." "पत्र आलं आहे." "आता फक्त प्रार्थना करा."

"लोक म्हणायचे, छोटी भूमिका," ते मला एकदा म्हणाले. "मी दार उघडलं नाही, तर राजा काय खिडकीतून येणार आहे?"

दार हा त्यांचा खास प्रांत. खोलीत शिरण्याआधी ते चौकटीत तीन आकडे मोजण्याइतकं थांबायचे. नुसतं दूध घ्यायला स्वयंपाकघरात आले तरी. सुरुवातीला आम्हाला वाटायचं गुडघे दुखत असतील. मग कळलं की प्रेक्षकांना बघायला वेळ द्यायचा असतो. आमच्याकडे पिझ्झा आला की ते स्वतः दार उघडायचे, वर येऊन, कमरेत किंचित वाकून सांगायचे, "मॅडम, एक गृहस्थ पिझ्झा घेऊन आले आहेत. त्यांना काय सांगू?" खाली तो पिझ्झावाला मुलगा भांबावून टोपी काढून उभा असायचा. मृणालनं त्यांचं नाव बटलरकाका ठेवलं. तोंडावर मात्र आम्ही 'सर' म्हणायचो.

संध्याकाळी पाच वाजता ते कट-ग्लासच्या प्याल्यात व्हिस्की घेत. असं आम्हाला महिनाभर वाटत होतं. घुटके घेत, डोळे हळूहळू जड होत, बोलण्यात थोडी जीभ अडखळत. एकदा भांडी घासताना मी तो प्याला हुंगला, तर कोरा थंड चहा. रंगमंचावर व्हिस्कीच्या जागी चहाच देतात. इतकी वर्षं चहा पिऊन झिंगल्यावर त्यांना खरी व्हिस्की फिकी लागायची. आइस्क्रीमचंही तेच. दिव्यांच्या उष्णतेनं खरं आइस्क्रीम वितळतं, म्हणून नाटकात गार केलेला कुस्करलेला बटाटा देत. एका वाढदिवसाला आम्ही त्यांच्यासाठी आंब्याचं आइस्क्रीम आणलं. त्यांनी एक चमचा खाल्ला आणि सभ्यपणे म्हणाले, "छान आहे. पण यात बटाटा कमी आहे."

त्यांच्या तारुण्यातल्या उन्हाळ्यांच्या गोष्टी मला सगळ्यांत आवडायच्या. उन्हाळ्यात न्यूयॉर्कची थिएटरं बंद असत आणि नटमंडळी खेड्यापाड्यांत जात. तिथे शेतावरचं एखादं मोठं कोठार झाडून त्याचं थिएटर केलेलं असे. दर आठवड्याला नवं नाटक. संध्याकाळी या आठवड्याचं नाटक करायचं आणि सकाळी पुढच्या आठवड्याचं पाठ करायचं. जोडीला बाजूच्या गोठ्यातल्या गाई. नायिका प्राण सोडायला लागली की एक गाय न चुकता हंबरायची. नायिकेनं शेवटी मालकाला सांगितलं, गाय तरी हलवा नाहीतर मला तरी आधी मारा.

अशाच एका आठवड्यात ते एका हलक्याफुलक्या नाटकात डॉक्टर होते, आणि सकाळी ज्याची तालीम चालू होती त्या शोकांतिकेतही डॉक्टरच. तोच कोट, तीच बॅग. संध्याकाळी ते प्रवेश करते झाले, टोपी काढली आणि भरल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, धीर धरा. आपले पती आता या जगात नाहीत."

पती समोरच्या सोफ्यावर बसून सफरचंद खात होता.

"मग?" मी विचारलं.

"तो चांगला नट होता. त्यानं सफरचंदाचा घास गिळला आणि बायकोला म्हणाला, तरी मी म्हणत होतो, आज मला जरा बरं वाटत नाहीये." एवढं सांगून ते इतके हसले की चहा जाकिटावर सांडला.

एका रहस्यनाटकात तर त्यांचा खून व्हायचा. पहिल्याच अंकात दिवे जात, गोळीचा आवाज येई, आणि दिवे आले की हे गालिच्यावर पडलेले. दोन वर्षं ते नाटक चाललं. मेल्यावर उठून, तोंड धुऊन ते नऊ दहाची गाडी पकडायचे. त्यामुळे आपला खून कोणी केला हे त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. मी इंटरनेटवर शोधून देते म्हटलं, तर चक्क रागावले.

"अजिबात नको. त्या कंपनीतल्या सगळ्यांशी माझे चांगले संबंध होते. या वयात कोणाबद्दल मनात किल्मिष नको."

शनिवारी मी त्यांना माझ्या गाडीनं सुपरमार्केटमध्ये घेऊन जायची. असंच एकदा सफरचंदांच्या ढिगाजवळ एक बाई चक्कर येऊन कोसळली. लोक जमले, कोणी ओरडत होतं, कोणी फोन लावत होतं. सरांनी काठी माझ्या हातात दिली, गर्दीतून वाट काढत पुढे गेले आणि गुडघ्यावर बसले. बसायलाच त्यांना मिनिटभर लागलं, पण त्या मिनिटातही कोणाची मध्ये बोलायची हिंमत झाली नाही. त्यांनी बाईचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. ते घड्याळ कित्येक वर्षं बंद होतं, मला माहीत होतं.

"सगळे मागे व्हा," ते म्हणाले. "हवा येऊ द्या. खिडकी उघडा."

सुपरमार्केटला खिडक्या नसतात. तरी दोन कर्मचारी खिडकी शोधायला धावले.

ॲम्ब्युलन्स आली. तिच्यातल्या तरुण मुलीनं सरळ यांनाच विचारलं, "डॉक्टर, काय झालं?"

"नाडी मंद आहे. पण आशा आहे."

तिनं ते लिहूनसुद्धा घेतलं. स्ट्रेचर उचलताना तिनं विचारलं, "तुम्ही कुठे प्रॅक्टिस करता?"

"मी पहिल्या अंकातला डॉक्टर आहे," सर म्हणाले. "खरे डॉक्टर दुसऱ्या अंकात येतात. ते तुम्ही."

मी परतीच्या वाटेवर त्यांना पुष्कळ बोलले. असं करू नका, कायदा असतो, उद्या काही झालं तर? बाईची साखर एकदम उतरली होती, दोन दिवसांत ती घरी आली. पुढच्या महिन्यात तिनं शोध काढून आमच्या घरी स्वतः भाजलेला ॲपल पाय आणून दिला. म्हणाली, "डोळ्यांपुढे अंधार आला होता, पण यांचा आवाज ऐकला आणि वाटलं, आता यांना विचारल्याशिवाय मरता येणार नाही." सर ती पायची थाळी घेऊन माझ्याकडे वळले. नुसती एक भुवई वर केली. त्या भुवईवर त्यांनी चाळीस वर्षं पोट भरलं होतं.

ते गेले त्याला आता वर्ष झालं. दारापुढच्या पायऱ्याही चढवेनात तेव्हा ते न्यू जर्सीतल्या एका वृद्ध नटांच्या निवासात राहायला गेले. मला तोवर तिथून जवळच वेस्ट विंडसरला नोकरी लागली होती, त्यामुळे महिन्यातून एकदा मी जायची. तिथे त्यांची एकच तक्रार होती. "इथे सगळे राजेच आहेत. दार उघडायला मी एकटा." जेवून दुपारी जरा पडले, ते उठलेच नाहीत. त्यांच्या भाचीनं फोनवर सांगितलं, आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांपुढे आलं ते आम्ही स्टेट कॉलेजला केलेलं गणपतीतलं नाटक.

त्या वर्षी माझी आई सहा महिन्यांसाठी आली होती. बाबांना एवढा प्रवास झेपणार नव्हता, म्हणून ते सांगलीलाच राहिले. आई पहिली-दुसरीची शिक्षिका. नुकतीच रिटायर झालेली, हाताशी वर्ग नाही, त्यामुळे अस्वस्थ. आणि आमच्या गावातल्या पंचवीस-तीस मराठी कुटुंबांनी गणपतीला नाटक करायचं ठरवलं होतं. लेखक, दिग्दर्शक आणि नायक साठेकाका. ते मूळचे पुण्याचे, कंप्युटरमधले, आणि आपण खरं म्हणजे नाटकातच जायचं होतं असं दर भेटीत सांगणारे. नाटकात एका छोट्या संस्थानाचा राजा राज्याला कंटाळून पळून जायच्या बेतात असतो. त्याला एक गोरा बटलर हवा होता. बटलरला एकच वाक्य: "सरकार, पाहुणे आले आहेत."

मृणाल म्हणाली, "अबे, आपल्या घरात बसलाय ना बटलर!"

मी भीतभीतच विचारलं. सरांनी पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "पाहुणे कोण आहेत? मला ते आवडतात का? या घरात मी किती वर्षं आहे?" मी हे प्रश्न साठेकाकांना फोनवर कळवले. साठेकाका म्हणाले, "अगं, त्याला म्हणावं नुसता ट्रे घेऊन ये यार!"

आईनं मात्र त्यांना शिकवायचं काम अंगावर घेतलं. रोज सकाळी दहा वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्ग भरायचा. तिला इंग्रजी बेताचं, त्यांना मराठी शून्य. पण तिनं तीस वर्षं सहा वर्षांच्या पोरांना वाचायला शिकवलं होतं. "पाहुणे" मधला ण यायला चार दिवस लागले. आई स्वतःच्या तोंडात बोट घालून टाळू दाखवायची, तेही आज्ञाधारकपणे तोंडात बोट घालायचे. मला लॅबला जाताना हे दृश्य दिसायचं.

एक वाक्य झाल्यावर ते म्हणाले, आता बाकीचं नाटक. आई म्हणाली, कशाला? तर इतकी वर्षं ते दुसऱ्या नटांचे अंडरस्टडी असायचे, म्हणजे मुख्य नट आजारी पडला तर उभं राहायचं काम. त्यामुळे सगळ्यांची सगळी वाक्यं पाठ केल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. आईला हुशार विद्यार्थी मिळाल्याचा आनंद झाला. तिचा वाचायचा चष्मा कायम वरच्या मजल्यावर राहायचा, म्हणून ती तालमीत ऐकलेलं आठवेल तसं म्हणायची आणि ते अक्षर न् अक्षर तसंच उचलायचे.

रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी साठेकाकांनी त्यांना विचारलं, कार्यक्रमपत्रिकेत नाव काय छापू? सर उभे राहिले, छातीवर हात ठेवून साऱ्या मंडळासमोर शुद्ध मराठीत म्हणाले, "मी अहो."

बायका एकदम गप्प झाल्या आणि मग ज्या फुटल्या, त्या पाच मिनिटं थांबेनात. आई महिनाभर त्यांना "अहो, असं नाही," "अहो, जीभ वर," "अहो, चहा घ्या" म्हणत होती. त्यांना वाटलं, आपल्याला मराठी नाव ठेवलंय. आईचा चेहरा लालभडक झाला. मी त्यांना कोपऱ्यात नेऊन समजावलं की आमच्याकडे जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, त्याऐवजी ही हाक मारतात. त्यांनी विचार केला. मग आईपुढे जाऊन वाकून म्हणाले, "मॅडम, आभारी आहे. रंगमंचावर मला आजवर कोणी नवऱ्याची भूमिका दिली नव्हती." मी भाषांतर केलं. आईनं पदर तोंडाला लावला. बाबांना हे व्हिडिओ कॉलवर कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जेवणात मीठ जास्त झालं तर त्यालाही चालतं का विचार."

नाटक चर्चच्या हॉलमध्ये, रविवारी पाच वाजता. विंगेत प्रॉम्प्टर मी, हातातल्या फोनवर संहिता. पहिल्या प्रवेशात सर आले, दारात थांबले, आणि "सरकार, पाहुणे आले आहेत" असं काही म्हणाले, की साठेकाका खरोखरच खुर्चीतून अर्धवट उठले. टाळ्या पडल्या. त्यांचं काम तिथे संपलं. एरवी ते घरी गेले असते, पण गाडी माझी होती, म्हणून ट्रे धरून ते विंगेत माझ्या शेजारी उभे राहिले.

शेवटच्या प्रवेशात राजाचं मोठं भाषण होतं. साठेकाका पुढे आले, मुकुटाला हात लावला, "आजपासून" म्हणाले आणि थांबले. मला वाटलं, भाव धरलाय. मग त्यांचे डोळे विंगेकडे वळले. मी फोनकडे पाहिलं, आणि नेमका तेव्हा बाबांचा कॉल आला. नाटक लाइव्ह बघायचं म्हणून ते भारतात पहाटेचा गजर लावून उठले होते. संहितेच्या जागी मफलर गुंडाळलेले बाबा. "सुरू झालं का गं?" मी घाईघाईनं कट केलं आणि फोन बंदच पडला. पुढचं वाक्य मला आठवेना. समोर ऐंशी माणसं आणि साठेकाकांच्या कपाळावरून ओघळणारा घाम.

माझ्या शेजारून ट्रे निघाला.

सर चौकटीत थांबले. सावकाश राजापाशी गेले, वाकले आणि म्हणाले, "सरकार. आजपासून मी हा मुकुट उतरवते."

हॉलमध्ये कोणीतरी खुदकन हसलं. साठेकाकांनी बुडत्यानं काडी धरावी तसं ते वाक्य धरलं. "हो," ते म्हणाले.

"मी राज्य सोडून जाते."

"हो, हो."

"मला आता शांतपणे झोपायचंय. मी कोणाचं ऐकणार नाही. मी थकले!"

आईचं मराठी होतं ते. आठवेल तसं बोलताना तिच्या तोंडी राजाची बाई झाली होती, आणि त्यांनी ते काना-मात्रेसकट उचललं होतं. संबंध भाषण त्यांनी तसंच म्हटलं, राजासारखा ताठ आवाज काढून, आणि साठेकाका प्रत्येक वाक्याला हो म्हणत गेले. लोक खुर्च्यांवर आडवे होऊन हसत होते. पडदा पडला तरी हसणं चालू होतं.

सगळे कलाकार रांगेत उभे राहिले, पडदा पुन्हा उघडला, नमस्कार झाले. सर कुठेच नव्हते.

मला ते हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर सापडले. पार्किंगकडे तोंड करून बसले होते आणि कागदी रुमालानं चेहऱ्याचा रंग पुसत होते.

"सर, आत सगळे तुम्हाला शोधतायत."

"ते हसत होते," ते म्हणाले. "मी काय चुकलो?"

मी त्यांना जातो आणि जाते यातला फरक समजावला. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. रुमालाची घडी घालत म्हणाले, "एका मोठ्या नटाचा मी दोन वर्षं अंडरस्टडी होतो. एका संध्याकाळी तो पडला आणि पाय मोडला. मला उभं केलं. पडद्याआडून मी ऐकत होतो. मॅनेजरनं बाहेर जाऊन सांगितलं, आज ही भूमिका अमुक अमुक करतील. आणि खुर्च्या वाजायला लागल्या. माणूस उठला की थिएटरची खुर्ची मागे मिटते, खट. खट, खट, खट. किती तरी वेळ. मी काम केलं, सगळं बिनचूक केलं. पण शेवटी नमस्काराला गेलो नाही. मागच्या दारानं घरी गेलो. तेव्हापासून कधीच गेलो नाही."

"आज कोणीही उठलं नाही," मी म्हणाले.

"आज जेवण होतं ना," ते म्हणाले.

तेही खरंच होतं. तेवढ्यात मागचं दार उघडलं. आई. हातात श्रीखंडाचा डाव.

"अहो, इथे काय बसलात? पानं वाढलीयत. चला, उठा."

ते उठले. आईच्या या आवाजाला सांगलीत गुंड पोरंसुद्धा उठत.

जेवणाच्या खोलीत रांगा लागल्या होत्या. सगळ्यांच्या हातांत कागदी ताटल्या, त्यात पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड. सर दारात दिसले आणि बोलणी थांबली. टाळ्या वाजवायला कोणाचाच हात मोकळा नव्हता. मी सरांकडे पाहिलं, ते परत फिरायच्या बेतात होते.

कोपऱ्यात साठेकाका उभे होते. मघापासून ते भेटेल त्याला सांगत होते, "अरे, मी विसरलो नव्हतो, तो माझा पॉज होता." त्यांनी तोंडातली पुरी कशीबशी गिळली, ताटली डोक्यावर धरली आणि सगळ्या ताकदीनं ओरडले, "वन्स मोअर!"

आणि मग सगळे. म्हाताऱ्या मावश्या, इंग्रजीत बोलणारी पोरं, मृणाल. "वन्स मोअर! वन्स मोअर!"

सर माझ्या कानाशी वाकले. "ते काय म्हणतायत? हे तर इंग्रजी आहे."

"आमच्या नाटकांत म्हणतात. फार आवडलं की. म्हणजे तेच पुन्हा करून दाखवा."

"पुन्हा? नाटक संपल्यावर?"

"हो."

मग त्यांनी जाकीट खाली ओढलं, टाय नीट केला आणि खोलीबाहेर गेले. दार लोटून घेतलं. आतली सगळी माणसं ताटल्या धरून त्या बंद दाराकडे बघत उभी राहिली. दार उघडलं. ते थांबले. "सरकार, पाहुणे आले आहेत."

छप्पर उडेल एवढा ओरडा झाला. पुन्हा वन्स मोअर. पुन्हा ते बाहेर गेले, पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांचा आवाज जरा कापला आणि ण पार बिघडला. आईच्या ते लगेच लक्षात आलं. तिनं टेबलाशी एक खुर्ची ओढली.

"आले आहेत ना पाहुणे? मग बसा की," ती म्हणाली आणि त्यांच्या ताटलीत श्रीखंड वाढायला लागली.

हे त्यांच्या पाठांतरात कुठेच नव्हतं. तरी ते बरोबर खुर्चीत बसले. पाच पुऱ्या खाल्ल्या, मग आणखी दोन मागितल्या. आठ वाजता साठेकाका दिवे मालवायला लागले तेव्हा सगळी खोली रिकामी झाली होती, आणि आमचे घरमालक अजून ताटली चाटत होते.